चकाकीचा ताळेबंद

नवी मोटार दारात येते त्या दिवशी तिच्या बॉनेटवर समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजता येतात. दोन-तीन वर्षांनी त्याच बॉनेटवर इमारत दिसते, खिडक्या मात्र मोजता येत नाहीत. भर उन्हात पाहिले तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे पसरलेली असतात. मग घरात विषय निघतो. दिवाळी जवळ आलेली असते किंवा मुलाच्या लग्नाची बोलणी चाललेली असतात, आणि एखादे अनुभवी नातेवाईक सांगतात, "एकदा रबिंग-पॉलिश करून घ्या, गाडी शोरूमसारखी होईल." तशी ती होतेही. सहा महिन्यांत जाळे पुन्हा उमटते, पुन्हा पॉलिश होते, आणि हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहतो. प्रत्येक खेपेस गॅरेजचे बिल हाती पडते. परंतु त्या बिलात न लिहिलेली आणखी एक गोष्ट दर वेळी खर्च होत असते, आणि ती बाजारात पुन्हा विकत मिळत नाही.

ती कोणती, हे कळण्यासाठी आधी चकाकी म्हणजे काय ते पाहावे लागेल. चकाकी हा रंगावर चढवलेला एखादा पदार्थ नाही; तो पृष्ठभागाचा गुण आहे. विहिरीचे पाणी निश्चल असते तेव्हा काठावरचे झाड त्यात जसेच्या तसे दिसते. वाऱ्याने तरंग उठले की तेच झाड विस्कटते, वास्तविक पाण्यात काहीच बदललेले नसते. मोटारीच्या पत्र्यावरही हेच घडते. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो आणि प्रतिबिंब रेखीव उमटते. बारीक ओरखडे पडले की प्रत्येक ओरखड्याच्या कडेवरून प्रकाश इतस्ततः विखुरतो. ओरखडे सर्व दिशांनी गेलेले असतात. पण ज्यांची कड दिव्याकडे वळलेली असते तेवढेच चमकतात, म्हणून ते वर्तुळाकार भासतात. डोळ्यांना रंग फिका पडल्यासारखा वाटतो. वास्तविक रंग खाली सुरक्षित असतो. खरचटलेले असते ते त्याच्यावरचे पारदर्शक आवरण.

हे आवरण किती जाड असते? आजच्या मोटारीच्या पत्र्यावर कारखान्यात साधारणपणे चार थर दिले जातात. फॉस्फेटच्या प्रक्रियेनंतर सबंध सांगाडा टाकीत बुडवून विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक लेप. हे चारही थर मिळून जाडी भरते सुमारे १०० ते १३० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे लाखो रुपयांच्या मोटारीचे सगळे देखणेपण एका कागदाच्या जाडीत सामावलेले आहे. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही बारीक. सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्ये याच लेपात मिसळलेली असतात. हा लेप कारखान्यात सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून पक्का केला जातो. मोटार पूर्ण जोडली गेल्यावर तिला इतक्या तापमानात पुन्हा नेता येत नाही. वायरिंग आहे, प्लॅस्टिकचे भाग आहेत, रबर आहे. गॅरेजमध्ये नंतर होणारे रंगकाम कितीही कुशल असले तरी ते बऱ्याच कमी तापमानात वाळवलेले असते. कारखान्यातला मूळ लेप एकदाच मिळतो.

पॉलिश करणे म्हणजे या लेपाचा वरचा भाग घासून काढणे. रबिंग कंपाउंड असो की बारीक पॉलिश, दोन्हींत ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते ओरखड्याच्या दोन्ही बाजूंची उंची झिजवून तळाशी आणतात. पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो आणि प्रतिबिंब परत येते. ओरखडा भरून निघत नाही, त्याच्या आजूबाजूचे सारे त्याच्या पातळीपर्यंत खाली उतरवले जाते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ही चकाकी व्याजातून येत नाही, ती मुद्दलातून काढलेली रक्कम असते.

जुन्या काळी हा खर्च डोळ्यांना दिसत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीवर ब्रशने व्हार्निश लावत आणि एकेक हात वाळण्यात दिवसच्या दिवस जात. १९२०च्या दशकात अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीचे 'ड्यूको' हे फवारून झटपट वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आले आणि मोटारीचे रंगकाम कमालीचे वेगवान झाले. आपल्याकडे ते नाव इतके रुजले, की लाकडी कपाटाच्या फवारणीच्या रंगालाही सुतार आजतागायत 'ड्यूको' म्हणतात. अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात रंगावर वेगळा पारदर्शक लेप नसे. रंग हाच शेवटचा थर. चार-सहा उन्हाळे काढल्यावर तो खडूसारखा पांढुरका होई. रविवारी सकाळी घरमालक बाह्या सरसावून पॉलिश चोळत, तेव्हा हातातले फडके गाडीच्या रंगाचे होई. निळ्या गाडीचे फडके निळे, लाल गाडीचे लाल. किती रंग निघाला, याची ती रोखठोक पावतीच होती. फडके फारच रंगले की जाणता माणूस हात आवरता घेई.

क्लिअर कोट आल्यावर ही पावती बंद झाली. काही साध्या पांढऱ्या रंगाच्या गाड्यांचा अपवाद सोडला, तर आजच्या मोटारीवर पॉलिश करताना फडक्यावर रंग उतरत नाही, कारण झिजणारा थर रंगहीन आहे. निघालेला थर पांढऱ्या पॉलिशमध्ये मिसळून जातो आणि पाहणाऱ्याला वाटते, काहीच गेले नाही, चकाकी तेवढी आली. तोटा न दिसणे आणि तोटा न होणे यांतला फरक हिशेब जाणणाऱ्यांना सांगायला नको.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. क्लिअर कोट ४० मायक्रॉनचा धरला. सौम्य पॉलिशच्या एका फेरीत एक-दोन मायक्रॉन जातात. जाड कंपाउंड आणि त्यानंतरची पॉलिश धरली तर चार-पाच मायक्रॉनही जाऊ शकतात. दर सहा महिन्यांनी चार मायक्रॉन गेले, तर वर्षाला आठ आणि तीन वर्षांत चोवीस. उरले सोळा. एवढा पातळ झालेला लेप उन्हापुढे फार काळ टिकत नाही. प्रथम टपावर आणि बॉनेटवर, म्हणजे जिथे ऊन थेट पडते तिथे, पांढुरके डाग दिसू लागतात. मग उन्हाने सोललेल्या कातडीसारखे पापुद्रे निघतात. या अवस्थेला कोणतेही पॉलिश उपयोगी पडत नाही. तो भाग खरवडून नव्याने रंगवणे, हाच मार्ग उरतो. गाडी शोरूमसारखी दिसावी म्हणून केलेल्या सोपस्कारांनीच शोरूममधला लेप संपवलेला असतो.

तेव्हा खरा प्रश्न पॉलिश कशी करावी हा नंतरचा. ओरखडे येतात कुठून, हा आधीचा. त्याचे उत्तर बहुतेक निवासी सोसायट्यांच्या वाहनतळावर रोज पहाटे मिळते. एक माणूस बादली आणि फडके घेऊन येतो. लोक कामावर निघण्याच्या आत त्याला पंधरा-वीस गाड्या पुसायच्या असतात. पहिल्या गाडीची धूळ बादलीत उतरते, तेच पाणी आणि तेच फडके दुसऱ्या गाडीवर, मग तिसऱ्या. दहाव्या गाडीपर्यंत त्या फडक्याचा पॉलिश पेपर झालेला असतो. शहरात जागोजागी बांधकामे चालू आहेत. त्या धुळीत वाळूचे आणि दगडाच्या चुऱ्याचे कण असतात, आणि वाळूतली गारगोटी क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असते. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे म्हणजे हे कण दाबून लेपावरून फिरवणे. सिग्नलवर मिळणारे पिवळे फडके गाडीत ठेवून येता-जाता बॉनेट पुसणारे हौशी मालकही हेच करतात. वर्षाचे ३६५ दिवस असे पुसले, की जाळे उमटणारच. स्वच्छतेच्या हौसेने केलेले हे नुकसान असल्यामुळे त्याचा संशयही येत नाही.

यात त्या पहाटेच्या माणसाला दोष देणे अन्यायाचे होईल. महिनाकाठी एका गाडीमागे त्याला मिळणारी रक्कम पाहिली, तर प्रत्येक गाडीला स्वतंत्र पाणी आणि स्वतंत्र फडके त्याने स्वखर्चाने आणावे, ही अपेक्षाच चुकीची ठरते. गाडी मालकाची आहे, तेव्हा साधनेही मालकाने द्यावीत. मायक्रोफायबरची चार फडकी, गाडीसाठीचा शॅम्पू आणि दोन बादल्या एवढाच हा संच आहे. एका बादलीत शॅम्पूचे पाणी, दुसरीत नुसते स्वच्छ पाणी. फडके आधी स्वच्छ पाण्यात खळबळून माती काढावी, मगच शॅम्पूच्या बादलीत बुडवावे. काम टपापासून खाली करत यावे, कारण सर्वांत जास्त माती दाराच्या खालच्या भागात असते. हात गोल न फिरवता सरळ रेषेत न्यावा. चाकांचे फडके पत्र्याला कधीही लावू नये. 'रोज पुसा' हा करार बदलून 'आठवड्यातून दोनदा पाण्याने धुवा आणि रोज फक्त काचा पुसा' असा केला, पगार मात्र तोच ठेवला, तर त्या माणसाचे श्रमही वाचतात आणि गाडीचा लेपही. पाण्याची टंचाई असलेल्या वस्त्यांत एका बादलीत भागणारे, पुन्हा खळखळून धुण्याची गरज नसणारे द्रावणही आता मिळते. त्यातले वंगण मातीचा कण फडक्यात उचलून घेते. कपडे धुण्याची पावडर मात्र टाळावी. ती लेपावरचे मेण काढून टाकते आणि तिचे न विरघळलेले दाणे स्वतःच ओरखडे पाडतात.

आणखी काही सवयी अशाच निरुपद्रवी वाटतात. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर चढवले, की वाऱ्याने ते हलत राहते आणि रात्रभर घासते. बोअरवेलच्या जड पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळू दिली, की पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थेंबांच्या आकाराचे पांढरे डाग मागे ठेवतात. ते ताजे असतील तर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसल्यास निघतात, जुने झाले की लेपात उतरतात. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हाने तापून मऊ झालेल्या लेपावर तिचा ठसा कायमचा बसू शकतो. ती दिसताच ओले फडके पाच मिनिटे वर ठेवून, न चोळता अलगद उचलावी. दसऱ्याला झेंडूच्या माळेची तार किंवा दोऱ्याची गाठ बॉनेटवर दिवसभर घासते. माळ बंपरच्या जाळीला बांधली आणि हळद-कुंकवाचे स्वस्तिक पत्र्याऐवजी काचेवर काढले, तर पूजेत काही उणे राहत नाही.

एवढी काळजी घेऊनही कालांतराने पॉलिशची वेळ येते. ती केव्हा आली आणि कशी करून घ्यावी, हे मालकाला ठाऊक असले म्हणजे गॅरेजमध्ये योग्य प्रश्न विचारता येतात. पहिली कसोटी नखाची. ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकत असेल तर तो पॉलिशने सुरक्षितपणे निघण्याच्या पलीकडचा आहे. त्याच्या मागे लागून आजूबाजूचा लेप संपवू नये. दुसरी कसोटी प्लॅस्टिकच्या पिशवीची. गाडी धुऊन हात पातळ पिशवीत घालावा आणि पत्र्यावरून हलकेच फिरवावा. खरखर जाणवली, तर ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, झाडाचा चीक किंवा शेजारच्या रंगकामाचे तुषार लेपावर घट्ट बसलेले आहेत. ते काढण्यासाठी पॉलिश लागत नाही; क्ले बार नावाची मळलेल्या कणकेसारखी लवचीक वडी वंगणाच्या पाण्याबरोबर फिरवली, की ते निघून येतात. पुष्कळदा एवढ्यानेच गाडी इतकी गुळगुळीत होते, की पॉलिश पुढे ढकलता येते.

पॉलिश करायचीच ठरली, तर चांगला कारागीर प्रथम गाडी सावलीत घेतो, पत्रा थंड होऊ देतो. दारांच्या आणि बॉनेटच्या धारदार कडांवर चिकटपट्टी लावतो, कारण कडांवर रंग सर्वांत पातळ असतो. मग हातभर जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने प्रयोग करून पाहतो. त्याने काम भागत असेल तर कडक कंपाउंडला हात लावत नाही. यंत्रांतही भेद आहे. एकाच अक्षाभोवती फिरणारे रोटरी यंत्र झपाट्याने कापते, पण ते एका जागी रेंगाळले तर उष्णतेने लेप जाळते आणि अनेकदा उन्हात हलणारी तेलकट छटा मागे सोडते. फिरता फिरता डोलणारे ड्युअल ॲक्शन यंत्र सावकाश काम करते, परंतु नवशिक्याच्या हातातही बरेच सुरक्षित असते. सबंध गाडीचे नीट काम व्हायला दिवसाचा मोठा भाग जातो. तासाभरात 'फुल बॉडी पॉलिश' करून देणाऱ्याकडे यांपैकी कशालाही सवड नसते, हे उघड आहे.

त्या तासाभरात चकाकी येते, ती बहुधा वेगळ्याच मार्गाने. अनेक स्वस्त पॉलिशमध्ये तेले आणि ओरखडे बुजवणारी द्रव्ये असतात. ती खाचांत भरून बसतात आणि पृष्ठभाग सपाट भासतो. चार-पाच धुण्यांत ती निघून गेली, की जाळे परत दिसते आणि ग्राहकही परत येतो. यावर उपाय साधा आहे. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी एखाद्या भागावर पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसायला सांगावे आणि मोबाइलचा दिवा वर धरून पाहावे. तेल निघून गेल्यावरही पृष्ठभाग स्वच्छ दिसला, तर काम खरे. चांगल्या कामाच्या जागी रंगाची जाडी मोजणारे छोटे उपकरणही असते. पत्र्याला टेकवले की ते चारही थरांची एकूण जाडी मायक्रॉनमध्ये दाखवते. क्लिअर कोट वेगळा किती, हे ते सांगत नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. तरीही पॉलिशच्या आधीचा आणि नंतरचा आकडा पाहिला, की किती मुद्दल काढले ते कळते. जुनी गाडी विकत घेतानाही याचा उपयोग होतो. सगळीकडे ११० आणि एका दारावर २५० दिसले, तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे; आकडा त्याच्याही कितीतरी पुढे गेला, तर आत पुट्टी भरलेली असण्याचा संभव मोठा.

पॉलिश झालेला पृष्ठभाग सपाट असतो, सुरक्षित नसतो. चकाकी आणि संरक्षण ही दोन निरनिराळी खाती आहेत, आणि बाजारात ती मुद्दाम एकत्र करून सांगितली जातात. संरक्षणासाठी वर वेगळे आवरण द्यावे लागते. मेण हे त्यातले सर्वांत जुने. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून कार्नोबा मेण मिळते. वनस्पतीजन्य मेणांत ते अतिशय कठीण आणि ८० अंशांच्या वर वितळणारे. त्याने रंगाला खोल झळाळी येते, पण आपल्या उन्हा-पावसात ते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकते. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट त्याहून अधिक, काही महिने. सिलिकावर आधारलेले सिरॅमिक कोटिंग रासायनिक बंधाने चिकटते आणि नीट लावल्यास दोन-तीन वर्षे टिकू शकते. त्यावरून पाणी घरंगळते, चिखल सहज सुटतो आणि त्यामुळे धुताना कमी घासावे लागते. त्याचा खरा लाभ एवढाच. त्याची जाडी साधारण एका मायक्रॉनच्या आसपास. घाटात समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा त्याने अडत नाही. खड्यापासून वाचवते ती पेंट प्रोटेक्शन फिल्म, सुमारे १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक पॉलियुरेथेनची त्वचा. पण सबंध गाडीला ती लावण्याचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

सिरॅमिकच्या जाहिरातींत '९एच कठीणपणा' असे शब्द ठळक असतात. हिऱ्याला १० गुण देणाऱ्या मोहस मापनाशी या नऊचा काही संबंध नाही. हे माप पेन्सिलीचे आहे: मऊ ते कठीण अशा शिशांच्या पेन्सिली लेपावरून ओढतात आणि ९एच ही त्यांतली कठीण टोकाची पेन्सिल असते. तिने ओरखडा पडला नाही, इतकाच त्याचा अर्थ. वाळूच्या कणाविषयी ते काही सांगत नाही. तसेच 'टेफ्लॉन कोटिंग'चे. तव्यावरचा तो थर ३५० अंशांच्या पुढे तापवून पक्का करतात. रंगवलेल्या मोटारीला तेवढी उष्णता देता येत नाही, म्हणून त्या नावाखाली मोटारीला मिळते ते मुख्यतः साध्या सीलंटसारखेच आवरण.

नवी गाडी घेताना हे कोटिंग विक्रीच्या टेबलावरच सुचवले जाते आणि "कर्जातच घालून टाकू, हप्त्यात कळणारही नाही" असे सांगितले जाते. हा हप्ता मोजून पाहावा. ३०,००० रुपयांचे कोटिंग ९ टक्के व्याजाने ७ वर्षांच्या कर्जात घातले, तर महिन्याला सुमारे ४८३ रुपये जातात आणि मुदतीअखेर एकूण सुमारे ४०,५०० रुपये भरले जातात. कोटिंग तिसऱ्या वर्षी विरलेले असते. हप्ता आणखी चार वर्षे चालू असतो. जी वस्तू ज्या मुदतीत संपते तिचे कर्ज त्या मुदतीपलीकडे जाऊ देऊ नये, हा गृहखर्चाचा जुना नियम येथेही लागू पडतो. कोटिंग हवे असेल तर रोखीने, गाडी घरी आल्यावर, दोन ठिकाणी चौकशी करून घ्यावे. वॉरंटीच्या कागदावर ठरावीक मुदतीत त्याच दुकानात देखभालीसाठी येण्याची अट असते का आणि त्या प्रत्येक भेटीत पॉलिश होणार आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे.

ज्या घरांत प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य मानले जातात, त्यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. कार्नोबा ठिसूळ असल्यामुळे डब्यातल्या पुष्कळ मेणांत मधमाशीचे मेण मिसळलेले असते, जरी डब्यावर मोठ्या अक्षरांत कार्नोबाचेच नाव असले तरी. गाडी कोरडी करण्याचे शॅमॉय हे मूळचे मेंढीचे कातडे, आणि काही पॉलिशिंग पॅड लोकरीचे असतात. कृत्रिम सीलंट, फोमचे पॅड आणि मायक्रोफायबर हे तिन्ही पर्याय सहज मिळतात आणि कामात कमी पडत नाहीत. दुकानदाराला स्पष्ट विचारणे, एवढेच करायचे आहे.

सारांश असा, की बहुतेक कुटुंबांना वर्षाकाठी लागते ते इतकेच: नीट धुणे, वर्षातून एकदा क्ले बार, त्यावर दर तीन-चार महिन्यांनी सीलंटचा एक हात, आणि पॉलिश गाडीच्या आयुष्यात मोजक्या वेळा, तीही सौम्य. शक्य तितके दिवस ऊन चुकवून सावलीत उभी केलेली गाडी यापुढचे निम्मे काम वाचवते. मात्र ती सावली चीक गाळणाऱ्या झाडाची नसावी.

शेवटी एक छोटी नोंदवही सुचवावीशी वाटते. गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात एक कोरा कागद ठेवावा आणि त्यावर पासबुकासारखे रकाने आखावेत: तारीख, काय केले, कोणते पॉलिश वापरले, बॉनेट, टप आणि चारही दारांवरील जाडीचे आकडे आधी किती होते आणि नंतर किती. पहिली नोंद गाडी नवी असतानाच करावी, म्हणजे आरंभीची शिल्लक कळेल. पुढच्या वेळी कोणी "एकदा रबिंग-पॉलिश करून घ्या" असे म्हणाले, की तो कागद उघडावा. शिल्लक पाहून खर्चाचा निर्णय घेणे घरातल्या प्रत्येकाला जमते. आणि ती पाहिल्यावर पुष्कळदा असेच ठरते, की या वर्षी पॉलिश नको, पहाटे येणाऱ्या माणसाला चार नवी फडकी आणून द्यावीत.